दोन यमुना : विषय आणि संविधानक

मराठी कादंबरीच्या इतिहासांत यमुना नांवाच्या दोन नायिका आहेत. पहिली १८५७ सालीं बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' या पुस्तकांतून लोकांपुढें आली. दुसरी त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनीं हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरींतून आली. दोन्ही कथांचा विषय एकच, आणि तो म्हणजे हिंदु विधवेची स्थिति. दोघीहि यमुना साक्षर; दोघींनाहि समजूतदार पति लाभलेला; आणि दोघींवरहि ऐन तारुण्यांत वैधव्याचा घाला पडलेला. इतकें साम्य असूनहि दोघींचें भाग्य मात्र निराळें ठरलें. पहिलीचें नांव वाङ्मयाच्या इतिहासांत आदरानें घेतलें जातें, परंतु तिची कथा मुद्दाम काढून वाचणारे थोडे. दुसरीची कथा पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वाचली गेली, आणि तिच्या दुःखानें ज्यांच्या घरांत विधवा नव्हती अशांचेहि डोळे भरून आले.

हें असें कां झालें, याचीं कांहीं उत्तरें सहज सुचतात. पदमनजी ख्रिस्ती झालेले होते, म्हणून हिंदु घरांनीं त्यांच्या पुस्तकास दार उघडलें नाहीं. शिवाय १८५७ सालची मराठी गद्यरचना अजून बाल्यावस्थेंत होती आणि १८९० पर्यंत ती चांगली कसली गेली होती. हीं उत्तरें खोटीं नाहींत, पण पुरेशींहि नाहींत. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून पाहिलीं असतां खरा भेद त्यांच्या संविधानकांत आहे, हें ध्यानीं येतें. अमुक घडलें, तमुक घडलें, ही झाली गोष्ट. त्यांपैकीं आधीं काय सांगितलें, मागून काय सांगितलें, कोणाच्या डोळ्यांनीं तें दाखविलें, कोणाच्या शेजारीं कोणास उभें केलें आणि कोठें येऊन लेखणी खालीं ठेवली, हें झालें संविधानक. एखाद्या विषयाचें नुसतें प्रतिपादन करावयाचें असेल तर निबंध पुरे. त्या विषयाचा तळ शोधावयाचा असेल, तर लेखकाला तो शोध प्रसंगांच्या या मांडणींतूनच करावा लागतो. ही गोष्ट मराठी कादंबरीकारांना कशी उमगत गेली, याचा इतिहास या दोन यमुनांच्या मधल्या काळांत सांपडतो.

प्रथम पहिली यमुना. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवीं झाला. मिशनच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें, आणि १८५४ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढें दोन वर्षांनीं, १८५६ च्या जुलै महिन्यांत, हिंदु विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा झाला. या कायद्यासाठीं बंगालमध्यें ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं जो झगडा केला तो प्रसिद्धच आहे. कायदा झाला, पण घरांतली चाल तशीच राहिली. अशा वेळीं पदमनजींनीं पुस्तक लिहिलें आणि त्याच्या नांवांतच हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण करण्याचा हेतु उघड सांगून टाकला. विषय कोणता, याविषयीं वाचकाला पहिल्या पानावरच शंका उरत नाहीं.

या विषयासाठीं त्यांनीं जी मांडणी योजली ती पर्यटनाची. यमुना व तिचा पति विनायक प्रवासास निघतात. ठिकठिकाणीं त्यांना विधवा भेटतात. प्रत्येकीची हकीकत वेगळी. कोणी छळानें गांजलेली, कोणी फसविली गेलेली, कोणी पोटाला महाग झालेली. यमुना ऐकते, हळहळते, पतीशीं त्यावर बोलते, आणि जोडपें पुढें जातें. पुढें विनायक मरण पावतो, यमुना स्वतःच विधवा होते. आणि शेवटीं ख्रिस्ती धर्माचा आश्रय व पुनर्विवाह यांत तिची कथा विसावते.

ही मांडणी माळेसारखी आहे. सूत प्रवासाचें, मणी एकेका विधवेच्या कहाणीचे. या रचनेचा एक मोठा गुण आहे आणि तो मान्य केला पाहिजे. एका घरांत घडलेली गोष्ट सांगितली असती तर तें एका दुष्ट घराचें वर्णन आहे, असें म्हणून वाचक सुटला असता. गांवोगांवच्या कहाण्या एकापुढें एक आल्यामुळें दोष घराचा नसून चालीचा आहे, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. ज्याला समाजाच्या रोगाची व्याप्ति दाखवावयाची आहे, त्याला पर्यटनासारखें साधन नाहीं. १८५७ सालीं, ज्या भाषेंत असल्या कथेचा नमुनाहि नव्हता त्या भाषेंत, ही युक्ति सुचणें लहानसहान नव्हे.

परंतु या मांडणीला मोल द्यावें लागतें तें असें. माळेंतला एक मणी काढला किंवा दोन मण्यांची अदलाबदल केली, तरी माळ तशीच राहते. दुसऱ्या विधवेची कहाणी पहिलीच्या आधीं सांगितली असती तरी कांहीं बिघडलें नसतें, कारण एका प्रसंगांतून दुसरा उगवत नाहीं. यमुना ऐकणारी आहे. जें ऐकतें तें तिच्या आयुष्याला धक्का देत नाहीं, तिच्या मतांना पुष्टि देतें. तिचें स्वतःचें वैधव्य जेव्हां येतें, तेव्हां वाचकाला विषयाची सर्व बाजू आधींच पढविली गेलेली असते. आणि शेवट तर विषयाचें उत्तरच घेऊन येतो. वैधव्याचें दुःख हा प्रश्न, ख्रिस्ती धर्म हें उत्तर. ज्या वाचकाला तें उत्तर नको होतें, त्यानें उत्तराबरोबर प्रश्नहि टाकून दिला. संविधानकानें प्रश्न मिटविला कीं वाचकाला विचार करण्याचें कारण उरत नाहीं, याचें हें पहिलें मराठी उदाहरण होय.

यानंतरचीं वीस-पंचवीस वर्षें मराठी कादंबरी भलत्याच वाटेनें गेली. १८६१ सालीं लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली, आणि मग अशा कथांची रीघच लागली. 'कादंबरी' हें नांवच मुळीं बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथावरून घेतलेलें. तेव्हां राजपुत्र, राजकन्या, हरण, वियोग, अकल्पित भेट आणि दुष्टाचें पारिपत्य यांची गर्दी तींत व्हावी यांत नवल नाहीं. १८७१ सालीं रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनीं 'मोचनगड' लिहून शिवकालाकडे दृष्टि वळविली, ती एक निराळी व स्वागतार्ह वाट होती. पण चालू काळचें घर, त्यांतलें स्वयंपाकघर, माजघर, सासू, सून, न्हाणवली झालेली पोर, हें सगळें कादंबरीच्या उंबऱ्याबाहेरच राहिलें.

याचें कारण रिसबुडांनीं 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेंत मोकळेपणानें सांगितलें आहे. त्याचा आशय असा कीं, विवाहाच्या चाली आणि दुसरीं अनेक कारणें यांमुळें हिंदूंच्या आयुष्यांत चित्त वेधणारे गुण किंवा दोष सांपडतच नाहींत; रोजच्या अनुभवाच्या गोष्टी लिहाव्या तर त्यांत मन रमण्याजोगें कांहीं नसतें; म्हणून मनोरंजनासाठीं अद्भुताचा आश्रय करणें भाग पडतें. हें मत हंसून सोडून देण्यासारखें नाहीं, कारण त्यांत एक खरी अडचण सांगितली आहे. ज्या समाजांत मुलीचें लग्न आठव्या-नवव्या वर्षीं दुसऱ्यांनीं ठरवावयाचें, नवरा दुसऱ्यांनीं पसंत करावयाचा आणि पुढचा सगळा क्रम रूढीनें आंखून ठेवलेला, तेथें नायिकेनें करावयाचें काय? ती निवड करीत नाहीं, ती साहस करीत नाहीं. मग कथा पुढें कशी सरकावी? संविधानक म्हणजे कोणाच्या तरी इच्छेची वाटचाल असें धरलें, तर जिला इच्छाच प्रकट करण्याची मुभा नाहीं तिचें संविधानक कसें होणार?

या अडचणीचा परिणाम केवळ वाङ्मयापुरता नव्हता. रोजच्या घराला गोष्ट नाहीं असें एकदां ठरलें, कीं त्या घरांतल्या दुःखालाहि गोष्ट उरत नाहीं. आणि ज्या दुःखाला गोष्ट नाहीं, तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. निबंधांतून, व्याख्यानांतून, सभांच्या ठरावांतून विधवेविषयीं पुष्कळ बोललें जात होतें. १८७० सालीं पुण्यास पुनर्विवाहावर मोठा शास्त्रीय वादविवाद झाला. परंतु त्या वादांत विधवा हा चर्चेचा विषय होता. ती स्वतः कोठेंच बोलत नव्हती.

या कोंडींतून मार्ग काढणाऱ्या हरि नारायण आपट्यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांतील पारोळें येथें झाला. बालपणाचा कांहीं काळ मुंबईंत गेल्यावर ते पुण्यास आले. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनीं नांवारूपास आणलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें ते शिकले. पुढें कॉलेजांतहि गेले, पण पदवी त्यांच्या पदरीं पडली नाहीं. परीक्षेच्या पुस्तकांपेक्षां इंग्रजी व संस्कृत वाङ्मयांत त्यांचें मन अधिक रमे. १८८५ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं 'मधली स्थिति' ही पहिली कादंबरी 'पुणेंवैभव' पत्रांतून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तिला रेनल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचा आधार होता, आणि मुलखावेगळ्या घडामोडींचा सोस तींत अजून दिसतो. परंतु विषय पुण्यांतला, माणसें ओळखीचीं. पुढें आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनीं 'आजकालच्या गोष्टी' असें सामान्य नांव दिलें. रिसबुडांनीं जें अशक्य म्हटलें होतें, त्याला या दोन शब्दांत उत्तर दिलेलें आहे.

ज्या काळांत दुसऱ्या यमुनेची कथा लिहिली गेली तो काळहि ध्यानांत घेतला पाहिजे. १८८८ सालीं आगरकरांचें 'सुधारक' पत्र निघालें. १८८९ च्या मार्चमध्यें पंडिता रमाबाईंनीं मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि पुढल्याच वर्षीं तें पुण्यास हललें. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईंत नाभिकांची सभा भरून विधवांचें केशवपन न करण्याचा ठराव झाला. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर गेली, आणि त्यावरून महाराष्ट्रांत दोन तट पडले. म्हणजे विषय ताजा होता, पेटलेला होता आणि प्रत्येकाचें मत आधींच ठरून गेलें होतें. अशा वेळीं कादंबरीकारानें आणखी एक मत मांडलें असतें तर तें त्या गदारोळांत बुडून गेलें असतें. हरिभाऊंनीं मत मांडलें नाहीं. त्यांनीं एका मुलीला बोलावयास लावलें.

'पण लक्षांत कोण घेतो' ही यमुनेनें स्वतः सांगितलेली आपल्या आयुष्याची हकीकत आहे. संविधानकाची पहिली किल्ली येथेंच आहे. इच्छा प्रकट करण्याची मुभा नसलेल्या मुलीची कथा कशी सांगावी, या रिसबुडांच्या अडचणीचें उत्तर असें कीं, ती करते काय हें न सांगतां तिला वाटतें काय हें सांगावें. बाहेरून पाहणाऱ्याला ज्या घरांत कांहींच घडत नाहीं, त्या घरांत आंतून पाहणाऱ्या मुलीच्या मनांत दिवसाकाठीं दहा गोष्टी घडत असतात. वडिलांच्या पावलांचा आवाज आला कीं घर चिडीचूप होतें, ही घटना नव्हे. पण त्या मुलीच्या दृष्टीनें तीच सर्वांत मोठी घटना असते.

दुसरी गोष्ट क्रमाची. विषय विधवेचा असूनहि लेखक वैधव्याची घाई करीत नाहीं. कथेचा मोठा भाग बालपण, माहेर, लग्न, सासरचें जूं आणि मुंबईचा संसार यांत जातो. पहिल्या यमुनेच्या पुस्तकांत विधवा प्रथम भेटते आणि तिच्याविषयींची कळवळ मागून येते. येथें आधीं एक खेळकर, चौकस, भावावर जीव टाकणारी पोर वाचकाच्या ओळखीची होते, घरचीच होते. आणि मग ती विधवा होते. वाचक तोंवर तिला 'विधवा' या वर्गांत घालूंच शकत नाहीं. सुधारणेच्या बाजूचा असो वा विरुद्ध बाजूचा असो, त्याच्यासमोर रूढीचा प्रश्न उभा राहत नाहीं. यमू उभी राहते. सनातनी वाचकालाहि ती आपल्या मुलीसारखी वाटूं लागल्यावरच लेखक तिच्यावर तो घाला येऊं देतो.

तिसरी गोष्ट जोड्यांची. पदमनजींनीं अनेक विधवा रस्त्यावर भेटविल्या. हरिभाऊंनीं अनेक स्त्रिया यमुनेच्या अंगणांतच ठेवल्या. तिची आई आहे. कडक स्वभावाच्या नवऱ्यापुढें मान खालीं घालून जन्म काढलेली. मैत्रीण दुर्गी आहे. दुर्वर्तनी नवऱ्याच्या हातीं सांपडलेली. आई वारल्यावर वडील दुसरें लग्न करतात, आणि घरांत लहान वयाची सावत्र आई येते. या प्रसंगावर लेखकाला टीका करावी लागत नाहीं. पत्नी गेल्यावर पुरुषाचें काय होतें तें पूर्वार्धांत दाखवून ठेवलें आहे. पति गेल्यावर स्त्रीचें काय होतें तें उत्तरार्धांत येतें. दोन प्रसंगांत अनेक प्रकरणांचें अंतर आहे, पण ते एकमेकांकडे बोट दाखवितात. जो न्याय निबंधांत युक्तिवादानें सिद्ध करावा लागतो, तो येथें नुसत्या प्रसंगांच्या जागांनीं सिद्ध होतो. शिवाय दुर्गी विधवा नाहीं आणि आईहि नव्हती. त्यामुळें विषय हळूहळू रुंदावतो. वैधव्य हें एक वेगळें संकट नसून स्त्रीच्या सर्व पराधीनतेचें तें शेवटचें टोंक आहे, हें ध्यानीं येतें. लेखकानें ज्या विषयापासून आरंभ केला त्याहून मोठा विषय संविधानकानें त्याच्या हातीं दिला.

चौथी गोष्ट सुखाची जागा. यमुनेचा पति रघुनाथराव तिला मुंबईस नेतो. तेथें वडील माणसांचा धाक नाहीं. पति-पत्नी एकमेकांशीं मोकळेपणीं बोलतात, वाचतात, नव्या विचारांच्या मंडळींच्या घरीं जातात. त्या काळच्या वाचकाला हा भाग नवलाचा वाटला असला पाहिजे, कारण नवराबायकोनें दिवसाउजेडीं बोलत बसणें हेंच मुळीं अनेक घरांत निषिद्ध होतें. हा सुखाचा काळ वैधव्याच्या अगदीं आधीं ठेवला आहे. दुःख गडद करण्यासाठीं केलेली ही केवळ कारागिरी नव्हे. हा संसार मध्यें नसता तर पुस्तकाचा अर्थ इतकाच झाला असता कीं स्त्रीचें जिणें दुःखाचें आहे आणि तें तसेंच असावयाचें. मुंबईच्या प्रकरणांनीं असें दाखविलें कीं याच मुलीला, याच देशांत, याच धर्मांत दुसऱ्या तऱ्हेनें जगतां येतें; तें आयुष्य कल्पनेंतलें नाहीं, चार खोल्यांत मावणारें आहे. मग पुढें जें होतें तें दैवाचें कृत्य राहत नाहीं. पतीचा मृत्यु दैवानें होतो. त्यानंतरचें सारें माणसें करतात.

आणि तीं माणसें काय करतात? ज्याच्या मुखांत सदा धर्म आहे आणि वर्तनांत अधर्म, त्या शंकरमामंजींच्या पुढाकारानें यमुनेचें बळजबरीनें केशवपन होतें. या प्रसंगानंतर कथेला सांगण्यासारखें फारसें उरत नाहीं, आणि शेवटीं यमुनाहि उरत नाहीं. तिला पुनर्विवाह मिळत नाहीं, आश्रम मिळत नाहीं, दुसरा धर्म मिळत नाहीं. लेखक सुधारक पक्षाचा होता. त्याला एखादा शारदासदनासारखा आधार तिच्यासाठीं सहज योजतां आला असता. तो त्यानें योजला नाहीं. पहिल्या यमुनेच्या कथेंत शेवटीं एक दार उघडतें आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. दुसऱ्या यमुनेच्या कथेंत एकहि दार उघडत नाहीं, म्हणून वाचक पुस्तक मिटल्यावरहि आंतच अडकून राहतो. पुस्तकाचें नांवच प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर पुस्तकांत नाहीं, तें वाचकाकडे मागितलें आहे.

या कादंबरींत दोष नाहींत असें नव्हे. हरिभाऊंच्या बहुतेक कादंबऱ्या नियतकालिकांतून भागशः प्रसिद्ध झाल्या. १८९० पासून तर त्यांचें स्वतःचें 'करमणूक' साप्ताहिक होतें. अंकाची जागा भरावयाची असे, त्यामुळें पाल्हाळ येई, आणि कांहीं कथा तर अपुऱ्याच राहिल्या. शंकरमामंजी इतके काळे रंगविले आहेत कीं, एखाद्या वाचकाला दोष रूढीचा नसून त्या एका ढोंगी माणसाचा आहे असें वाटण्याचा संभव राहतो. विषयाच्या दृष्टीनें ही उणीव खरी आहे. कारण केशवपनाची चाल वाईट माणसांच्या बळावर नव्हे, तर भल्या माणसांच्या मुकाट्यानें टिकून होती. यमुनेच्या आजूबाजूचीं अशीं भलीं माणसें पुस्तकांत आहेत, म्हणूनच ती उणीव खपून जाते.

संविधानक विषयाला कसें दगा देऊं शकतें, हें पाहावयाचें तर दूर जावें लागत नाहीं. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेलें गोविंद बल्लाळ देवलांचें 'संगीत शारदा' हें नाटक बाला-जरठ विवाहाच्या विषयावर आहे, आणि त्याचा प्रभाव अफाट झाला. भुजंगनाथ या म्हाताऱ्याशीं शारदेचें लग्न ऐन मांडवांत मोडतें, पण तें कशामुळें? वधूवर सगोत्र आहेत असें निघतें म्हणून. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या पुरुषानें पोरीशीं लग्न लावावें कीं नाहीं, या प्रश्नाला गोत्राचा दाखला हें उत्तर नव्हे. गोत्र निराळें असतें तर काय, असें विचारलें म्हणजे नाटकाचा आधार ढळतो. देवलांच्या पदांनीं व भाषेनें प्रेक्षकांच्या मनांत जी चीड उत्पन्न केली ती खरी होती. कथेनें मात्र नायिकेची सुटका करतांना विषयाला बगल दिली. हरिभाऊंनीं आपल्या नायिकेला वांचविलें नाहीं. परंतु विषय वांचविला.

पुढें वामन मल्हार जोशी यांनीं 'रागिणी'मध्यें आणखी निराळी वाट धरली. तेथें पात्रें स्वतःच विचार करणारीं, वाद घालणारीं; आणि प्रसंग जणूं त्या वादांना जागा करून देण्यासाठीं येतात. त्या वाटेचे गुणदोष निराळे. पण विषयाला उघडपणें बोलूं द्यावयाचें कीं प्रसंगांच्या रचनेंत मुरवावयाचें, हा प्रश्न त्यांच्यापुढेंहि तोच होता.

कादंबऱ्यांनीं समाज बदलतो असें म्हणणें धाडसाचें होईल. दुसरी यमुना लोकांच्या पुढें आली त्याच सुमारास, ११ मार्च १८९३ रोजीं, धोंडो केशव कर्वे यांनीं शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाई या विधवेशीं पुण्यास विवाह केला, आणि पुढें अनाथ बालिकाश्रम उभा राहिला. हें काम पुस्तकानें केलें नाहीं, माणसांनीं केलें. पण एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. १८९० च्या सुमारास मराठी स्त्रीनें स्वतःच्या संसाराविषयीं 'मी' म्हणून पुस्तक लिहिणें ही जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. एका पुरुष लेखकानें कल्पनेनें तो आवाज प्रथम ऐकविला. १९१० सालीं रमाबाई रानडे यांच्या आठवणी आल्या. १९२८ सालीं पार्वतीबाई आठवले यांनीं 'माझी कहाणी' सांगितली. त्या स्वतः वैधव्यांतून व केशवपनांतून गेलेल्या होत्या. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आलीं. या स्त्रियांना हरिभाऊंनीं लिहावयास शिकविलें असें नव्हे; त्यांच्या अनुभवाला कोणाच्या परवानगीची जरूर नव्हती. पण माजघरांतल्या आयुष्याला गोष्ट असते, आणि ती ऐकण्यासारखी असते, ही गोष्ट वाचकांच्या गळीं आधींच उतरलेली होती.

दोन यमुनांची ही तुलना पदमनजींना उणें ठरविण्यासाठीं नाहीं. ज्यांनीं वाटच पाडली त्यांना वाट सरळ कां नाहीं, असें विचारणें अन्यायाचें होईल. विधवेचें दुःख कथेचा विषय होऊं शकतें, हें त्यांनीं प्रथम दाखविलें. कथेचा विषय कथेच्या हाडामांसांत कसा उतरवावा, हें हरिभाऊंनीं दाखविलें. एकानें आपल्या नायिकेला देशभर फिरविलें आणि पुष्कळ विधवा दाखविल्या. दुसऱ्यानें आपल्या नायिकेला एका घरांतून दुसऱ्या घरांत एवढेंच नेलें, आणि त्या दोन घरांत तीच चाल उभी करून दाखविली. आज केशवपनाची ती चाल इतिहासजमा झाली आहे. तरीहि यमुनेची हकीकत वाचतांना जीव कासावीस होतो, याचें कारण त्या चालीपलीकडचा एक प्रश्न तिच्या रचनेंत गुंतलेला आहे. भल्या माणसांच्या डोळ्यांदेखत एक मूल कोमेजत जातें, आणि सगळ्यांना तें दिसत असूनहि कोणीच लक्षांत घेत नाहीं. असें कां होतें?